सामान लादलेली सायकल उलटी करायची म्हणजे (आणि शक्यतो न करायची म्हणजे)

सगळ्यात आधी एक सांगते, सायकल उलटी करणं हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही. पंक्चर झालं रे झालं की आपण लगेच सीट आणि हँडलवर तिला शीर्षासन घालतो, कारण लहानपणी वाड्यात सगळे तसंच करायचे. रिकामी सायकल असेल तर काही बिघडत नाही. पण कॅरियरला दोन्ही बाजूंना बॅगा, वर वळकटी, पुढे हँडलला पिशवी, बाटल्या भरलेल्या, अशी बारा-पंधरा किलोची गृहस्थी असेल तर तीच युक्ती अंगाशी येते.

मी इंदूरची. आमच्याकडून खंडवा रोडने तेजाजी नगर, सिमरोल, मग भेरूघाट उतरून चोरल, बलवाडा, बडवाह, मोरटक्क्याचा पूल आणि ओंकारेश्वर, अशी साधारण ऐंशी किलोमीटरची वाट आहे. घाटाच्या आसपास चाक बसण्याची हौस माझ्या सायकलला फार. पहिल्या खेपेला चोरलच्या पुढे मागचं चाक बसलं, मी आणि दादाने मिळून सामानासकट सायकल उचलली आणि पलटी केली. मोठ्या अभिमानाने. उजव्या बॅगेचं झाकण उघडं पडलं, चिवडा रस्त्यावर, तुपाच्या डबीचं झाकण सुटलं आणि पाव किलो तूप माझ्या चादरीने प्यायलं, हँडलवरचा मोबाइल होल्डर मुळापासून तुटला, वर सायकल एका बाजूला कलंडली ते वेगळंच. एक दूधवाले काका दोन कॅन लटकवून चालले होते, थांबले, बघितलं आणि म्हणाले, "भिया, पेले सामान तो उतारो, ये क्या उल्टी गंगा बहा रिये हो." बास, पुढचं सगळं त्या वाक्यावर उभं आहे.

गंमत म्हणजे त्या काकांच्या सायकलला उलटी करायची कधी गरजच पडत नाही. जुनी काळी दांडीवाली सायकल, मागच्या चाकाला दोन पायांचं स्टँड. ते लावलं की मागचं चाक आपोआप जमिनीपासून उचललेलं राहतं. मागचं पंक्चर असेल तर स्टँडवरच काम होतं. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला बघा, तो चाक काढतो का कधी? नाही. टायरची एक कड रिमवरून उतरवतो, ट्यूब तेवढी बाहेर ओढतो, हवा भरून पाण्याच्या घमेल्यात फिरवतो, बुडबुडे दिसले की खूण करतो, कानशीने घासतो, सोल्युशन, पॅच, हातोडीचे दोन ठोके आणि ट्यूब परत आत. चाक जागच्या जागी. हे शिकून घ्या, कारण सामान भरलेल्या सायकलवर ऐंशी टक्के वेळा (हा माझा अंदाज, कुठे मोजलेला नाही) एवढंच पुरतं.

आणि या दांडीवाल्या सायकलींना मागचं चाक काढणं तसंही शहाणपणाचं नाही, कारण मागच्या ॲक्सलवर सगळं खानदान बसलेलं असतं, स्टँडचे पाय, मडगार्डची तार, कॅरियरचे पाय, वरून चेनकव्हर. म्हणजे कॅरियरवर दोन कॅन तसेच ठेवून तुम्ही नट ढिले केलेत तर कॅरियरच हलायला लागतं. काढायचंच असेल तर आधी मोबाइलवर दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा, कुठला वॉशर कशाच्या आत आणि कशाच्या बाहेर, नंतर हमखास विसरायला होतं आणि एक वॉशर हातात उरतो. तो उरलेला वॉशर घेऊन पन्नास किलोमीटर विचार करत सायकल चालवण्यात मजा नाही.

आता समजा चाक काढायचंच आहे, नवीन ट्यूब टाकायची आहे किंवा स्पोक (चाकाची तार) तुटलाय. तर जागा. घाटात वळणाच्या आतल्या-बाहेरच्या कडेला थांबू नका, ट्रकवाल्याला तुम्ही दिसत नाही, बसलेला माणूस तर अजिबात नाही. हवा गेली तरी शंभर-दोनशे मीटर हातात धरून चालत जा, सरळ पट्टा आणि सपाट माती बघा. टायर खराब होईल म्हणून लोक जागेवरच बसतात. ढकलत नेल्याने टायरचं काही जात नाही, चढून चालवलीत तर मात्र रिमखाली ट्यूब चिरडते. जमीन सपाटच हवी, कारण उलटी सायकल तीन ठिकाणी टेकते, सीट आणि दोन मुठी, आणि उतारावर ती हळूहळू सरकत जाते हे चाक हातात असताना कळतं.

सामान उतरवायचाही क्रम असतो, हे मला बरंच उशिरा कळलं. एका पायाचं स्टँड डावीकडे असतं, सायकल डावीकडे कललेली असते. तुम्ही डावी बॅग आधी काढलीत तर उजवीकडचं वजन तिला पलीकडे पाडतं. म्हणून उजवी बॅग आधी, मग वरची वळकटी, मग डावी. परत लावताना बरोबर उलट, डावी आधी. पुढची हँडलची पिशवी पहिल्यांदाच उतरवून टाका, कारण तिच्या वजनाने हँडल गर्रकन फिरतं आणि सायकल स्टँडवरून पडते. आणि हो, बाटल्या. उलट्या झाल्या की गळतात, चांगल्या महागाच्या असल्या तरी गळतात. चेनच्या तेलाची बाटली, स्टोव्हचं रॉकेल-पेट्रोल असलं काही असेल तर ते बॅगेतसुद्धा उभंच ठेवा.

दोरीने आवळून बांधलेलं सामान असेल, सोडलं तर परत तसं बांधता येणार नाही असं, तर सायकल उलटी करू नका. मग तिला डाव्या अंगावर आडवी झोपवा, खाली चादर किंवा पंचा. डावीच बाजू, कारण चेन आणि गिअर उजवीकडे, ते वर राहिले पाहिजेत, मातीत नाही. दुसरा उपाय झाडाचा, सायकल झाडाला टेकवून कॅरियरखाली एखादं बेळकं (टोकाला दोन फांद्या फुटलेलं) लाकूड लावायचं, मागचं चाक बोटभर उचललं गेलं की झालं. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला बाभळी भरपूर, बेळकं मिळतंच. अर्थात पंक्चर तिच्याच काट्याने केलेलं असतं, तेव्हा हिशेब बरोबर.

पुढचं पंक्चर असेल आणि मधलं दोन पायांचं स्टँड असेल तर मागचं सामान उलट कामाला येतं, मागच्या वजनाने पुढचं चाक आपोआप उचललं जातं. तिथे काही उतरवू नका, फक्त कोणाला तरी कॅरियरवर हात ठेवून उभं करा. मागच्या स्टँडच्या काळ्या सायकलला हे जमत नाही, पुढचं चाक काढलं की त्याला धरणारा फोर्क खाली येणार, म्हणून फोर्कखाली द्यायला वीट किंवा दगड आधी शोधून ठेवा.

आता प्रत्यक्ष उलटी करणं. मोबाइल होल्डर, मीटर, लाइट, घंटी, आरसा, जे जे हँडलच्या वर आहे ते काढा किंवा फिरवून खाली करा. घंटी फिरवायला दहा सेकंद लागतात आणि नवीन घ्यायला बाजारात जावं लागतं. सायकलच्या डाव्या बाजूला उभे राहा म्हणजे चेनचं काळं पॅंटला लागणार नाही. ज्यांना एका झटक्यात उचलून फिरवता येते त्यांनी फिरवा, पण दांडीवाली सायकल रिकामी असतानाही वीसएक किलोची असते, कमरेत चमक भरायला तेवढं खूप आहे. मी दोन टप्प्यांत करते. आधी सायकल हळूच आपल्याकडे झुकवून डाव्या अंगावर आडवी करायची, सीट आणि हँडल आपल्या पायांकडे, चाकं लांब. मग पलीकडे जाऊन दोन्ही चाकांची रिम धरून वर उचलायची, सीट आणि डाव्या मुठीवर ती आपोआप उभी राहायला लागते, एखादं दार उघडावं तशी. गुडघे वाकवून, पाठ वाकवून नाही. वर येताना हँडल फिरतं आणि पुढचं चाक आडवं होऊन नडगीवर बसतं, त्यासाठी आधीच हुकवाली रबराची दोरी पुढच्या चाकातून खालच्या नळीला गुंडाळून टाका. तीच दोरी जी सामानाला होती. ती आता मोकळीच आहे ना.

उभी राहिल्यावर हलवून बघा. हँडलवर अजून काहीतरी टेकत असेल तर दोन्ही मुठींखाली एकेक चप्पल सरकवा, बरोबर उंची मिळते. सीट चामड्याची असेल तर खाली पंचा घाला. हायड्रॉलिक (तेलावर चालणारे) डिस्क ब्रेक असतील तर दोन गोष्टी, चाक बाहेर असताना ब्रेकचा लिव्हर दाबायचा नाही, पॅड एकमेकांना चिकटतात आणि मग डिस्क आत जात नाही. आणि जास्त वेळ उलटी ठेवू नका, टाकीतली हवा तेलात उतरू शकते. सरळ केल्यावर लिव्हर आठ-दहा वेळा दाबून बघा, पचपचीत लागला तर थोडा वेळ उभी राहू द्या, ताबडतोब घाट उतरायला निघू नका. घाट उतरून आल्या आल्या डिस्कला हात लावू नका हे सांगायला नको, पण मी लावलाय. रिमचे ब्रेक असले तरी रिम तापलेली असते.

चाक काढताना गिअरवाल्यांनी सरळ असतानाच चेन सगळ्यात लहान चकतीवर आणून ठेवायची, उलटी केल्यावर गिअर बदलताना डोकं चालत नाही. रिमचा ब्रेक मोकळा करा नाहीतर हवा भरलेलं टायर पॅडमधून निघत नाही. मग क्विक रिलीज (पान्याशिवाय चाक सोडवणारी ॲक्सलची कळ) उघडा किंवा पाना चालवा (माझ्या ॲक्सलच्या नटाला १५चा लागतो, तुमचा कुठला ते घरीच बघून ठेवा, रस्त्यावर नाही), डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा मागचा भाग) मागे खेचा आणि चाक वर उचला. वर, कारण आता सगळं उलटं आहे. याच एका बाबतीत उलटी सायकल खरंच सोयीची, चाक परत बसवताना ते स्वतःच्या वजनाने खाचेत जाऊन बसतं, कोणी फ्रेम धरून उभं राहावं लागत नाही.

ट्यूब काढायच्या आधी टायरवर वॉल्व्हसमोर काय लिहिलंय ते बघून ठेवा. मी नेहमी कंपनीचं नाव वॉल्व्हसमोर येईल असंच टायर चढवते. मग ट्यूबला भोक सापडलं की ती टायरशेजारी धरायची, काटा टायरमध्ये नेमका कुठे आहे ते लगेच कळतं. काटा शोधल्याशिवाय नवी ट्यूब घालायची नाही, कधीच नाही, कितीही उशीर झालेला असो. टायरच्या आतून बोट हळू फिरवा, बाभळीचा काटा आत तुटून राहतो, बाहेरून काही दिसत नाही, बोटाला मात्र टोचतो. गोखरू असेल तर एकाऐवजी दोन-तीन भोकं असतात, एक सापडलं म्हणून खूश होऊ नका. दोन भोकं शेजारी-शेजारी, साप चावल्यासारखी असतील तर काटा नाहीच, हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमला चिमटली. सामान लादल्यावर मागच्या चाकात हे फार होतं, कारण आपण शहरात असते तेवढीच हवा भरून निघतो. टायरच्या कडेला जास्तीत जास्त किती हवा ते छापलेलं असतं, सामान असेल तेव्हा मागे त्याच्या जवळपास जा, पुढे थोडी कमी चालते.

रस्त्यावर भोक ऐकू येत नाही, ट्रकचा आवाज असतो. ट्यूब फुगवून ओठांजवळून फिरवा, ओठाला वारा चटकन कळतो. पाणी असेल तर थोडं चोपडा. पण खरं सांगू, घाटात पॅच लावत बसू नका, दुसरी ट्यूब टाका आणि फुटकी संध्याकाळी धर्मशाळेत निवांत चिकटवा. ट्यूब घेताना साइज बघा, आपल्या काळ्या सायकलचं २८ इंची आणि नव्या सायकलींचं ७०० हे दिसायला सारखं, पण रिम वेगळी, पहिलीची ६३५ मिलिमीटर आणि दुसरीची ६२२. ट्यूब एकवेळ दामटून चालते, टायर चालत नाही. वॉल्व्हही बघा, जुना रबरी नळीचा, मोटारीसारखा जाड आणि बारीक उंच, तीन प्रकार. तुमचा पंप कुठल्याला बसतो ते निघायच्या आधी करून बघायचं.

पॅच लावायचाच असेल तर एकच चूक सगळे करतात, ओल्या सोल्युशनवर पॅच ठेवतात. घासा, पुसा, पातळ थर लावा, आणि पाच मिनिटं थांबा, बोट लावलं तर चिकटलं नाही पाहिजे. तेवढ्या वेळात जलेबी खा, नाहीतर शेव. मग पॅच दाबा.

टायर चढवताना ट्यूबमध्ये चिमूटभर हवा ठेवा, गोल आकार येण्यापुरती. वॉल्व्हपासून सगळ्यात लांबच्या बाजूने सुरुवात करून वॉल्व्हजवळ संपवा, शेवटचा तुकडा टायर काढायच्या लिव्हरने नाही तर अंगठ्याने. लिव्हरने नवी ट्यूब फाडण्याचा मान मी तीनदा मिळवलाय. बसलं की पूर्ण हवा भरायच्या आधी दोन्ही बाजूंनी टायर चिमटून बघा, कुठे ट्यूब डोकावत नाही ना.

स्पोक तुटला असेल तर उलटी सायकल हेच तुमचं चाक सरळ करायचं मशिन. सामानाच्या सायकलचा स्पोक बहुतेक मागच्या चाकात आणि चेनच्या बाजूचाच तुटतो, तिथल्या तारा जास्त ताणलेल्या असतात. नवा स्पोक नसेल तर तुटलेला शेजाऱ्याला गुंडाळा, चाक फिरवा, ब्रेकच्या पॅडला कुठे घासतंय ते बघा. घासतंय त्या जागी, ज्या बाजूला घासतंय तिकडच्या तारा थोड्या सैल आणि समोरच्या बाजूच्या थोड्या घट्ट, एका वेळी पाव आटा, जास्त नाही. आणि इथे सगळे फसतात ते सांगते. ब्रेक आता खाली आहे, तुम्ही चाकाच्या आतून म्हणजे हबच्या (चाकाच्या मध्याच्या) बाजूने बघताय, तिथे निपल (तारेच्या रिमकडच्या टोकाचं नट) घड्याळाच्या उलट फिरवलं तर घट्ट होतं. तेच चाकाच्या वरच्या टोकाला, बाहेरून खाली बघताना, घड्याळाप्रमाणे घट्ट. एकच निपल, फक्त बघायची बाजू बदलली. मी पहिल्यांदा अर्धा तास सैल करायच्या तारा घट्ट करत बसले होते आणि चाकाचा पापड झाला. आता मी खाली खूण करून चाक अर्धं फिरवते आणि वरच काम करते.

काम झालं की सायकल ज्या टप्प्यांनी उलटी केली त्याच टप्प्यांनी सरळ करायची. रबराची दोरी सोडायला विसरू नका, विसरलं तर हँडल वळत नाही आणि ते सीटवर बसल्यावर समजतं. सरळ उभी असताना क्विक रिलीज एकदा पूर्ण उघडून, सीटवर वजन टाकून, परत आवळा म्हणजे ॲक्सल खाचेत नीट बसतो. काळ्या सायकलला चाक मागे ओढून चेनचा झोल बघायचा, मधोमध बोटाने दाबून साधारण अर्धा इंच हलली पाहिजे, मग दोन्ही नट थोडे थोडे आलटून-पालटून आवळायचे, एकदम एकच पूर्ण नाही, चाक तिरकं बसतं. ब्रेक परत जोडला का? चाक मोकळं फिरतंय का? मग सामान, डावी आधी.

आणि बलवाड्याला चहाला थांबलात की नटांना परत एकदा पाना लावून बघा, सामानाच्या धक्क्यांनी ते पाव आटा तरी देतात. हातांचं काळं साबणाने निघत नाही, आधी थोडं खोबरेल तेल चोळा, नसेल तर टपरीवाल्याकडून चमचाभर गोडं तेल मागा, मग साबण.